जुनी जीटी८६ घ्यायचीय? आधी बॉनेटवर हात ठेवा

सेकंडहँड गाडी बघायला जाताना मी मालकाला फोनवर एकच अट घालते: मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. टोयोटाच्या जीटी८६ या छोट्या स्पोर्ट्स कारसाठी तर ही अट अजिबात सोडू नका. माझी पहिली खेप याच गोष्टीने वाया गेली. इथे इंग्लंडमधे लेस्टरहून तासभर गाडी हाकत एका विक्रेत्याकडे पोचले, बॉनेटवर तळहात टेकवला तर चांगलंच गरम. "आत्ताच जरा पुढे-मागे केली," म्हणाला. पुढे-मागे करून बॉनेट तापत नाही, हे न कळायला मी काय काल गाडी शिकले? चालवून पाहिली, लोण्यासारखी चालली. तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत गेले. काचेवर दव होतं. पहिल्यावरून दुसरा गिअर टाकला आणि कर्रर्र!

इथे नीट कान द्या, कारण घोटाळा इथेच होतो. या गाडीचा गिअरबॉक्स थंडीत अडतोच. दुसऱ्या गिअरला दांडा किंचित ढकलावा लागतो, जुन्या कपाटाच्या कडीसारखा. ती तिची जन्मखोड आहे, दहा मिनिटांत तेल तापलं की जाते. पण दाते घासल्याचा आवाज ही खोड नव्हे, तो खर्च आहे. मी गुमान परत आले.

इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असतानाच आणखी दोन आवाज ऐकून घ्या. गाडी न्यूट्रलला उभी, पाय क्लचवरून काढलेला, आणि आतून चिवचिव किंवा खुळखुळ ऐकू येते? क्लचवर हलकेच पाय ठेवा. आवाज थांबला तर दोष क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचा. बेअरिंग स्वस्त, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरीच जास्त. दुसरा आवाज बॉनेटखालून, रातकिड्यासारखा किर्रकिर्र. तो पेट्रोलच्या हाय-प्रेशर पंपाचा. डोक्यात जातो, पण नुसत्या त्या आवाजासाठी गाडी सोडू नका.

आता गाडी मुळात आहे काय ते सांगते, म्हणजे उरलेली तपासणी आपोआप कळेल. टोयोटा आणि सुबारूने मिळून ही २०१२ साली आणली. सुबारूच्या बिल्ल्याची बीआरझेड ती हिचीच जुळी, आणि दोघी बनायच्या सुबारूच्या कारखान्यात. इंजिन सुबारू पद्धतीचं, दोन लिटरचं: चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपवलेले. सिलिंडरचा व्यास ८६ मिमी, पिस्टनची धाव ८६ मिमी, आणि सायलेन्सरच्या तोंडाचा व्यासही ८६ मिमी! १९८३ च्या कोरोला एई८६ च्या आठवणीत केलेली ही हौस. आडव्या इंजिनामुळे सगळं वजन जमिनीलगत राहतं. वळणावर गाडी फारशी झुकत नाही, नुसती वळते. एकूण वजन जेमतेम १,२४० किलो आणि ओढ मागच्या चाकांना.

पण आडव्या इंजिनाचा एक तोटा आहे: इंजिनाचे व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगा बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. सुरुवातीच्या, म्हणजे २०१२-१३ च्या गाड्या २०१८ मध्ये नेमक्या याच स्प्रिंगांसाठी परत बोलावल्या होत्या. त्या वर्षांतली गाडी बघत असाल तर काम झाल्याचा कागद मागा. आणि काम झाल्यानंतर गाडी किती मैल धावली तेही विचारा. इंजिन उघडून बसवल्यावर हजारो मैल बिनतक्रार धावली असेल, तर मला तरी तीच जास्त भरवशाची वाटते.

चालवताना लोक एका गोष्टीला घाबरतात. दोनशे अश्वशक्ती वाचून येतात आणि पाय दाबल्यावर म्हणतात, पिकअप कुठाय? टर्बो नाही, बाबांनो. ती दोनशेची ताकद ७,००० आरपीएमला मिळते. त्यात साडेतीन ते साडेचार हजारांच्या मधे गाडी दम खाते. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमधे तीन हजारांपासून दाबून बघा: थोडी रेंगाळून मग पुढे गाणं म्हणत सुटली तर ठीक, गचके दिले तर नाही. ० ते १०० ला साडेसात सेकंद लागतात. सिग्नलवर शर्यत जिंकायची असेल तर दुसरी गाडी बघा.

टायर बघायला खाली वाका. मूळ माप २१५/४५ आर१७, म्हणजे चक्क प्रियसला बसायचे तसले टायर. मुद्दाम दिलेत, कमी वेगातही मागची बाजू हलावी म्हणून. पावसात ती खरंच हलते. एका ओल्या चौकात माझी मागची बाजू अर्धा हात सरकली तेव्हा घशाला कोरड पडली होती. चालवायला निघण्यापूर्वी ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं बटण बघा: इंजिन चालू केल्यावर कुणी उभ्या गाडीत ते तीन सेकंद दाबून ठेवलं असेल तर घसरण्यापासूनची राखण बंद असते. टायर फक्त आतल्या कडेने झिजले असतील तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलंय किंवा कुणीतरी गाडी खाली बसवलीय. रुंद टायर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, असा काही बदल दिसला तर इथे विमा कंपनीला कळवावाच लागतो. म्हणून मी शक्यतो न छेडलेली गाडी बघते.

बसून बघताना घरच्यांनाही न्या. माझी आई सांगलीहून आली होती, पहिल्यांदा बसली आणि म्हणाली, "अगं, ही बसायची गाडी आहे की झोपायची?" उतरताना तिचे दोन्ही पाय बाहेर आणि दोन्ही हात माझ्या हातात. मागच्या सीटवर माणूस मावतो असं कागदावर लिहिलंय. मी तिथे डबा ठेवते. डिकी २४३ लिटरची, पण मागची सीट पाडली की चार सुटी चाकं जातात. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानांतून दहा-दहा किलो पिठाच्या चार पिशव्या मी सहज आणते.

बाकीच्या कागदपत्रांसाठी फार खटपट नको: नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा इतिहास फुकट दिसतो, त्यात दरवर्षीचे मैल आणि शेरे वाचा. दोन्ही किल्ल्या हातात घ्या. एप्रिल २०१७ आधीची गाडी असेल तर रोड टॅक्स धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो, आणि त्यात ऑटोमॅटिक मॅन्युअलपेक्षा स्वस्त पडते. तरी मॅन्युअलच घ्या.

शेवटी मागचे दिवे. सुरुवातीच्या गाड्यांत टेललाइटच्या आत पाणी साचतं. माझ्या २०१३ च्या गाडीत डाव्या दिव्यात अजून धुकं आहे. त्या धुक्याचे मी मालकाकडून दोनशे पाउंड कमी करून घेतले.