लॉनच्या लाद्या काढल्यावर गवत परत कसं आणायचं

लाद्या म्हणजे विकायला मातीसकट सोलून काढलेले गवताचे तुकडे. त्यात हरळी असेल तर टेन्शनच नाही. कापसात खुरपून खुरपून कंबर मोडली तरी मरत नाही ती हीच, वरचा अर्धा-पाऊण इंच थर सोलून नेला तरी खाली पांढऱ्या कांड्या राहतात अन् त्यातनंच कोंब फुटतात. झोयशिया गवताचंही तसंच, फक्त लई हळू. गडबड होते सेंट ऑगस्टिन गवतामध्ये, त्याच्या वेली जमिनीवरूनच पळतात, खाली काहीच नसतं, म्हणून मधे मधे दोन-चार इंचाच्या पट्ट्या सोडायच्या, त्याच पसरून मोकळी जागा भरतात. मी एकदा लालचीपायी पट्ट्याही विकल्या अन् पुढचा सिझन नुसतं काळं रान बघत बसलो.

लाद्या उचलल्या की लगेच स्प्रिंकलर लावा, आपली काळी माती भेगाळली की कोंब वाळलेच समजा. हलका रोलर वापसा आल्यावरच, ओल्यात फिरवला तर माती दगड होते. हिरवं दिसायला लागलं की थोडा युरिया, वरून लगेच पाणी. अन् काढणी शक्यतो मृगाच्या आधी उरका, डिसेंबरात काढली तर हरळी थंडीत झोपते, ऊन तापेपर्यंत हलत नाही.