जुना मिलिटरी बूट घेताय? आधी उलटा करून बघा

परेडच्या सरावाला किंवा चैत्रात सप्तशृंग गडावर पायी जायला धुळे-जळगावच्या बाजारात जुने मिलिटरी बूट शोधत असाल, तर चकाकीवर जाऊ नका, तळ बघा. जुन्या अ‍ॅम्युनिशन बुटाच्या, म्हणजे सैनिकांच्या जुन्या पद्धतीच्या जाड चामडी बुटाच्या, तळात गोल डोक्याचे खिळे आणि टाचेला लोखंडी नाल असते. झिजतं ते लोखंड. खिळा पडला की मोची नवा ठोकून देतो. म्हणूनच तो नमुना इतकी वर्षं चालला. गुळगुळीत फरशीवर मात्र जपून, मी एकदा सपशेल आपटलोय! डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल) बुटाचा रबरी तळ साच्यात थेट वरच्या चामड्याला जोडलेला असतो. तो सुटला की दुरुस्ती अवघड, म्हणून बूट वाकवून जोडाला फट पडते का ते बघा.

काळ्या मातीचा चिखल लगेच ओल्या फडक्याने पुसा. भिजलेला बूट आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर टाकलात, तर चामडं तडकलंच समजा. आत जुना पेपर कोंबा, सावलीत ठेवा, पेपर ओला झाला की बदला. पॉलिश पूर्ण वाळल्यावरच. आणि नवा जोड थेट वारीला नको. आधी पंधरा दिवस शेताच्या बांधावर फिरवा.