पोळ्यासाठी फेल्टचा खिल्लार: कापण्यापासून झूल भरण्यापर्यंत

शहरात पोळ्याला बाजारातून मातीची बैलजोडी आणायची, पाटावर मांडून पूजा करायची, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, ही अनेक घरांतली पद्धत. आमच्याही घरी तशीच आहे. पण मातीच्या बैलाचं शिंग घरी येईतो मोडतं आणि मुलांना हात लावायला मिळत नाही. म्हणून मी फेल्टचा बैल शिवायला घेतला. तो पडला तरी फुटत नाही, वर्षानुवर्षं टिकतो, आणि दरवर्षी त्याला नवी झूल शिवता येते. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. ज्यांच्याकडे तसा बैल नाही, त्या घरातल्या मुलांच्या हातात हाही शोभतो.

चार-पाच संध्याकाळी लागतील. शिलाईमशीन लागत नाही. धावदोरा घालता येत असेल, तर बाकीचं शिकता येण्यासारखं आहे.

फेल्ट कोणतं घ्यावं

फेल्ट विणलेलं नसतं. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ओलावा, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड घट्ट होतं. काश्मीरचा नमदा असाच बनतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते बहुतेक कृत्रिम धाग्यांचं, काटेरी सुयांनी ठोकून घट्ट केलेलं असतं. दोन्हींत ताणा-बाणा नसल्यामुळे कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत. कड दुमडायची नाही, शिवण उलटवायची नाही, सगळं बाहेरूनच शिवायचं. नवशिक्यासाठी ही मोठी सोय आहे.

दुकानात ए-फोर आकाराचे तुकडे मिळतात. कडक आणि मऊ असे दोन प्रकार असतात, त्यातलं मऊ घ्या, साधारण 1 ते 1.5 मिलीमीटर जाडीचं. कडक फेल्टच्या चकत्या आणि पताका चांगल्या होतात, पण त्यात कापूस भरला की अंगावर घड्या पडतात. उजेडासमोर धरून पाहा. जागोजागी विरळ दिसत असेल तर ठेवून द्या, त्यातून कापूस डोकावतो.

रंग बैलाच्या जातीवरून ठरवा. खिल्लार पांढरा, लाल कंधारी गडद तांबडा, देवणी आणि डांगी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे. मी इथे खिल्लार घेतला आहे. एक तर त्याची लांब शिंगं फार देखणी. दुसरं म्हणजे त्याचं तोंड मुळातच निमुळतं, त्यामुळे कपाळाला वेगळी पट्टी न जोडता डोकं बरोबर दिसतं.

बाकी सामान असं: पांढऱ्या फेल्टचे दोन तुकडे, झुलीसाठी लाल आणि शिंगांसाठी गेरूच्या रंगाचा एकेक, भरतकामाच्या सहापदरी सुती दोऱ्याच्या चार-पाच लड्या, 7 किंवा 8 नंबरची भरतकामाची सुई, उशीत भरतात तो फायबर, बटर पेपर, टाचण्या, एक सेंटीमीटरचे दोन आभले (भरतकामात लावतात ते छोटे गोल आरसे) आणि फक्त कापडासाठी ठेवलेली धारदार कात्री. सुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवा.

आकार काढणं आणि कापणं

चौकटीच्या कागदावर बैल बाजूने काढा. नाकापासून पुठ्ठ्यापर्यंत, म्हणजे बैलाच्या मागच्या टोकापर्यंत, 15 सेंटीमीटर; खुरापासून वशिंडाच्या टोकापर्यंत 11. पुढचा एक पाय, मागचा एक पाय, गळ्याखालची लोंबती कातडी आणि वशिंड हे सगळं बाह्यरेषेतच येऊ द्या. शिंगं, कान आणि शेपूट मात्र यात नको, ते नंतर लावायचे आहेत. पाय किमान 2 सेंटीमीटर आणि मान 3 सेंटीमीटर रुंद हवी, नाहीतर कापूस आत जाणार नाही. चित्र जरा ठेंगणंठुसकं वाटलं तरी चालेल, भरल्यावर ते बारीक होतं.

बैल चार पायांवर उभा राहायचा तर पोटाखालचा भाग वेगळा लागतो. त्याच चित्रावर बटर पेपर ठेवून फक्त खालचा अर्धा भाग गिरवा: छातीच्या बिंदूपासून पुढच्या पायावरून, पोटावरून आणि मागच्या पायावरून पुठ्ठ्याच्या बिंदूपर्यंत. आता हे दोन बिंदू वरून एका रेषेने जोडा. ही रेषा सरळ ठेवली तर पोटाचा भाग रुंद होतो आणि पाय फाकतात. मधोमध ती थोडी खाली झुकवा, पोटाच्या कडेपासून सव्वा सेंटीमीटर अंतर राहील इतकी. माझा पहिला बैल बेडकासारखा पसरला, तो याच एका रेषेमुळे.

पूर्ण अंगाचे दोन आणि पोटाखालचे दोन, असे चार तुकडे कापा. फेल्टच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डावं-उजवं बघावं लागत नाही. जाड फेल्टवर टाचणीने कागद फुगतो, त्यापेक्षा तो चिकटपट्टीने लावा आणि चिकटपट्टीसकट कापा. कात्रीच्या टोकाने टुकटुक कापलं की कडेला पायऱ्या पडतात. पातं पूर्ण उघडून लांब काप घ्या आणि वळणावर कात्री न वळवता हातातलं फेल्ट वळवा.

भरतकाम आधी, शिवण नंतर

हा क्रम मोडू नका. भरलेल्या बैलावर भरतकाम करायला गेलं की सुई उलट बाजूने बाहेर काढता येत नाही, गाठी लपत नाहीत आणि दोरा कापसात गुंततो. डोळे आणि झूल दोन्ही आधी पूर्ण करा.

दोरा एक हात लांब घ्या, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. त्याहून लांब दोरा फेल्टमधून सारखा ओढला जाऊन पिंजतो. सहा पदरांतले दोन हवे असतील तर एकेक पदर सरळ वर ओढून काढा आणि मग दोन्ही जुळवा. दोन एकदम ओढले की गुंता होतो. भरतकामाला दोन पदर, कडा जोडायला तीन.

फेल्टवर कार्बनची रेघ नीट उमटत नाही. नक्षी बटर पेपरवर काढा, तो कागद कच्च्या टाक्यांनी फेल्टला लावा, कागदावरूनच भरा आणि शेवटी कागद हलक्या हाताने फाडून काढा. साखळीटाक्याजवळ फाडताना टाका अंगठ्याने दाबून धरा.

डोळा बदामाच्या आकाराचा काढा, टोकं थोडी खाली कललेली. काळ्या दोऱ्याने शेजारीशेजारी भरीव टाके घाला आणि वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याची एक गाठ घाला. त्या एका पांढऱ्या ठिपक्याने नजर जिवंत होते. दोन्ही बाजूंचे डोळे एकाच उंचीवर यावेत म्हणून दोन तुकडे एकावर एक ठेवून टाचणी आरपार टोचून खूण करा.

झूल

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच देते. लाल फेल्टचा 7 बाय 12 सेंटीमीटरचा तुकडा घ्या. 7 सेंटीमीटर पाठीच्या लांबीत, 12 आडवे, म्हणजे दोन्ही कुशींवर सारखा लोंबेल. मधली 2 सेंटीमीटरची पट्टी पाठीच्या कण्यावर येते, ती मोकळी सोडा. कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत पिवळ्या दोऱ्याची साखळी फिरवा. चारही कोपऱ्यांत हिरव्या दोऱ्याची एकेक छोटी कोयरी काढा. दोन्ही कुशींच्या मधोमध आभला आणि त्याभोवती आठ पाकळ्या, म्हणजे लेझी डेझीचे (एकेका सुट्या साखळीचे) आठ टाके.

आभला लावणं अवघड वाटतं, पण दोन आभले लावले की हाताला वळण पडतं. आभल्याखाली डिंकाचा एक थेंब लावून तो जागेवर बसवा आणि वाळू द्या. आता दोन आडवे दोरे त्याच्यावरून ताणून घ्या. मग दोन उभे, ते आडव्या दोऱ्यांभोवती एकेकदा अडकवून. आभल्यावर फुली-गोळ्याच्या खेळासारखी चौकट तयार होते. ही चौकट मध्याच्या जितकी जवळ आणि जितकी घट्ट, तितकं चांगलं, कारण पुढचे टाके तिला चारी बाजूंनी कडेकडे ओढणार आहेत. सैल चौकटीतून आभला आठवड्याभरात निसटतो.

मग सुई आभल्याच्या अगदी कडेला खालून वर काढा. ती चौकटीच्या दोऱ्याखालून घाला, दोऱ्याचा फास सुईखाली ठेवून ओढा. लगेच कडेला फेल्टमध्ये एक इवलासा टाका घ्या, इथेही दोरा सुईखालीच. एक टाका चौकटीत, एक फेल्टमध्ये, असं गोल फिरत जा. हळूहळू चौकोनी भोक गोल होत जातं आणि आत लकाकी तेवढी उरते. बंजारा बायकांच्या भरतकामात असे आभले शेजारीशेजारी खच्चून भरलेले दिसतात; त्यातला एक जरी लावून पाहिला तरी त्यामागची मेहनत कळते.

झुलीला मागून पातळ सुती कापडाचं अस्तर लावा, म्हणजे गाठी झाकल्या जातात. लाल सुती दोऱ्याने भरत असाल तर त्याचा एक तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग सुटला तर तो दोरा पांढऱ्या अंगाजवळ वापरू नका.

अंग जोडणं

आता पोटाखालचे दोन तुकडे त्या झुकत्या रेषेवर जोडा, पण मधोमध 4 सेंटीमीटर जागा भरण्यासाठी उघडी ठेवा. सगळी जोडणी काजटाक्याने करायची. पहिली गाठ दोन थरांच्या आत लपवा, सुई पुढच्या थरातून बाहेर काढा. कडेपासून 3 मिलीमीटर आत सुई आरपार घाला, दोरा सुईच्या मागे ठेवा आणि ओढा. दोरा कडेवर नुसता टेकला पाहिजे, फेल्टला चिमटा बसता कामा नये. दोन टाक्यांतलं अंतरही 3 मिलीमीटरच. खुराच्या कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके घाला: एक कोपऱ्याआधी, एक बरोबर कोनावर, एक नंतर. त्याने कोपरा उघडा राहत नाही.

मग अंगाचा एकेक तुकडा त्याच्या बाजूच्या पोटाच्या तुकड्याला छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत जोडत न्या. पाय शिवून झाला की लगेच भरा, सगळे पाय शेवटी भरण्यासाठी ठेवू नका. फायबरच्या शेंगदाण्याएवढ्या गोळ्या करून पेन्सिलच्या बोथट टोकाने खुरापर्यंत ढकला. मोठा गोळा एकदम कोंबला की वर फुगवटा येतो आणि खाली पोकळ राहतं, मग बैल गुडघे टेकतो. शोभेच्या बैलाच्या प्रत्येक पायात खराट्याचा 4 सेंटीमीटरचा हीर घातला तर तो ठाम उभा राहतो.

आता वरची शिवण पुठ्ठ्यापासून सुरू करा. काळ्या दोऱ्याची तीनपेडी वेणी घालून, टोकाला झुपका सोडून शेपूट तयार करा आणि ती पहिल्या टाक्यातच दोन थरांमध्ये पकडा. पाठ, वशिंड, मान, कपाळ, नाक, गळा असं छातीपर्यंत या. वशिंड आणि नाक शिवून पुढे गेलात की तिथे चिमूटभर फायबर तेव्हाच घाला, पोटाच्या फटीतून तिथवर हात पोचत नाही. बाकीचं अंग फटीतून भरा. दाबल्यावर बोट किंचित आत जावं, पण मान लटपटू नये. फट बंद केल्यावर सुई अंगातून दूर कुठेतरी बाहेर काढून दोरा कातरा, टोक आत ओढलं जातं.

शिंगं, कान आणि साज

शिंगासाठी गेरूच्या रंगाचा 7 सेंटीमीटर लांब, बुडाशी 3 सेंटीमीटर रुंद असा त्रिकोण घ्या. आत बारीक तांब्याची तार ठेवून गुंडाळा आणि कडेला बारीक टाके घाला. तारेची टोकं आधी दुमडून घ्या. खिल्लारची शिंगं कपाळातून आधी मागे जातात आणि मग वर वळतात. तशी वाकवून बुडाशी गोल फिरून दोनदा शिवा. टोकाला सोनेरी कागदाची बेगड गुंडाळा आणि एकेक गोंडा बांधा. गोंड्यासाठी दोन बोटांभोवती दोरा तीस वेळा गुंडाळा, मध्ये घट्ट बांधा, दोन्ही टोकं कापून गोल छाटा. पानाच्या आकाराचे कान बुडाशी चिमटून शिंगांच्या खाली लावा. नाकातून एका जाड दोऱ्याची वेसण ओवून तिचा कासरा पाठीवर टाका. झूल वशिंडाच्या मागे ठेवा, शिवू नका. पुढच्या वर्षी बदलायची आहे.

बैल तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर तार, हीर, आभला, घुंगरू काहीही नको. शिंगं नुसत्या फेल्टची करा, आभल्याच्या जागी भरीव फूल भरा आणि प्रत्येक जोड ओढून तपासा.

कृत्रिम फेल्टवर गरम इस्त्री फिरवू नका, ते चकाकतं नाहीतर वितळतं. लोकरीचं फेल्ट गरम पाण्यात आटतं. मळलं तर ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि सावलीत वाळवा. पूजेत हळद-कुंकू थेट अंगावर लावलं तर पांढऱ्या फेल्टवरचा डाग जात नाही. मी कपाळावर लाल फेल्टचा एक टिळाच शिवून टाकला आहे आणि हळद-कुंकू पाटावर, त्याच्या खुरांपुढे वाहते.

पोळा झाला की झूल आणि साज उतरवून वेगळ्या पिशवीत ठेवा. बैल सुती कापडात गुंडाळा, लोकरीचा असेल तर सोबत वाळलेल्या कडुनिंबाचा पाला घाला आणि वर जड काही ठेवू नका, शिंगं वाकतात.