परागंदा म्हणून सोडून दिलेला पूर्वज: मॉरिशस असो की काळं पाणी, कागदात कसा शोधायचा

आमच्या वंशावळीत एका फांदीपुढं नुसतं 'परागंदा' एवढंच लिहिलंय, ना साल ना कारण. लहानपणी विचारलं की आजी म्हणायची बोटीवर गेला, आणि मोठी आत्या हळू आवाजात म्हणायची काळ्या पाण्यावर गेला. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे हे मला फार उशिरा कळलं, कारण एकाचे कागद इमिग्रेशनच्या रजिस्टरात असतात नि दुसऱ्याचे कोर्ट-जेलच्या फायलींत, आणि मी दोन वर्षं आडनाव टाकून टाकून भलत्याच ठिकाणी शोधत बसलो. तुमची दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम म्हणजे साल पक्कं करा. अगदी तारीख नको, दहा वर्षांचा अंदाज चालतो. त्याचा भाऊ कधी वारला, जमिनीची वाटणी कधी झाली, त्यात त्याचा हिस्सा धरलाय का, एवढ्यावरून अंदाज येतो. साल का, तर सालावरून तो कुठं गेला असेल हे ठरतं. हिंदुस्थानातले कैदी १८१५ पासून पुढची वीसेक वर्षं मॉरिशसला जात होते, त्यात मुंबई इलाख्यातलेही, हो, कैदीसुद्धा मॉरिशसला, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्यानं हे हिंदुस्थानी कैदी रस्त्याच्या कामावर बघितले आणि साधारण आठशे असतील असं लिहून ठेवलंय. त्याच काळात नि पुढं १८६० पर्यंत पेनांग, मलाक्का (दोन्ही आजच्या मलेशियात), सिंगापूर. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल अशाच कैद्यांनी बांधलं. मग मार्च १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला दोनशे कैद्यांची पहिली बोट लागली आणि तिथून पुढं अंदमान. तेव्हा घरात 'अंदमानला गेला' असं सांगत असतील आणि साल १८४० च्या आसपासचं निघत असेल तर अंदमान विसरा, सिंगापूर नाहीतर पेनांग बघा. आणि अरबस्तानातलं एडन बंदरही डोक्यात ठेवा, ते मुंबई सरकारच्याच हाताखाली होतं, वासुदेव बळवंत फडक्यांना तिकडंच ठेवलं आणि १८८३ मध्ये ते तिथंच वारले.

मजूर म्हणून गेलेल्यांचं बघू, ते त्यामानानं सोपंय. मॉरिशसची गिरमिटाची, म्हणजे करारानं मजूर नेण्याची, पद्धत १८३४ ला सुरू झाली, पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे लोक उतरायचे तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक कलकत्त्याहून, मद्रासहून, आणि मुंबई बंदरातून गेलेली त्यात थोडी, पण त्यांत रत्नागिरीकडची बरीच. मुंबईहून गेलेले बहुतेक १८४० ते १८६० च्या दशकांतले. मध्ये १८३९ ते १८४२ बंदी होती, म्हणजे कोणी '१८४० ला गेला' असं छातीठोक सांगत असेल तर एकतर साल चुकलंय नाहीतर तो मजूर म्हणून गेला नाही.

ही रजिस्टरं मॉरिशसमध्ये मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, बोट, कुठल्या साखरेच्या मळ्यावर पाठवला, असं सगळं त्यात सापडू शकतं, आणि १८६७ च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुराला फोटोचं तिकीट जवळ बाळगायला लावलं म्हणून काहींचे फोटोसुद्धा आहेत. पण सगळ्यात महत्त्वाचा असतो तो नंबर. बोटीतून उतरल्यावर प्रत्येकाला एक नंबर मिळायचा, बायकोला वेगळा, पोरांना वेगळा, आणि पुढं लग्न, मृत्यू, परत जाणं, सगळीकडं तोच नंबर लागायचा. नंबर मिळाला की माणूस मिळाला असं समजा. मी काय करत होतो तर आडनाव शोधत होतो, आणि आडनाव तिथं लिहिलेलंच नसतं! साधं 'गोपाळ, बाप राघो' असं लिहायचे, आणि मग पुढच्या पिढीत गोपाळ हेच आडनाव होऊन बसायचं, त्याचं स्पेलिंग 'गोपॉल', लक्ष्मणचं 'लक्सिमोन', बापूचं 'बाप्पू'. त्यामुळं तुमचा चुलत-चुलत भाऊ आज तिकडं तुमच्या पणजोबांच्या भावाचं पाळण्यातलं नाव आडनाव म्हणून लावत असण्याची शक्यताच जास्त.

म्हणून इकडून शोधणाऱ्यांनी तिकडचा माणूस गाठायचा. तिकडच्या मराठी मंडळींना त्यांच्या आजोबा-पणजोबांचा नंबर बऱ्याचदा माहीत असतो, नसला तर जन्मदाखले-लग्नदाखले जोडत मागं जाऊन तो काढता येतो. आणि सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय (परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड देण्याचं भारतानं २०२४ मध्ये जाहीर केलं, त्यालाही हेच कागद उपयोगी पडतात, तेव्हा तिकडच्यांनाही या शोधात गरज आहे, नुसती हौस नाही.

आता गावाचं नाव. हे कारकून कानानं ऐकून इंग्रजी-फ्रेंच वळणानं लिहायचे. जुन्या कागदात रत्नागिरी 'रत्नाघेरी' असं, ठाणे 'टॅना', पुणे 'पूना'. माझी युक्ती अशी की शब्द डोळ्यानं वाचायचाच नाही, मोठ्यानं म्हणायचा, आणि जमलं तर मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसासमोर म्हणायचा, त्याला दोन मिनिटांत कळतं. आणि जिल्हे तेव्हाचे धरा, आजचे नाही. सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला, म्हणजे मालवणचा माणूस कागदात रत्नागिरी जिल्ह्याचाच. रायगड तेव्हा कुलाबा. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. सावंतवाडी तर संस्थानच, त्याचं खातंच वेगळं. आणि नुसतं 'बॉम्बे' लिहिलं असेल तर ते बंदर समजा, गाव नाही, कित्येक जण तिथंच घोडचूक करतात आणि गिरगावात पूर्वज शोधत फिरतात.

कैद्यांचं काम किचकट आहे पण एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे, सरकारला खटल्याचा कागद ठेवायला लागतो. सेशन कोर्टानं शिक्षा दिली, वरच्या कोर्टाकडं गेली, मग ठाण्याच्या जेलात बोटीची वाट बघत ठेवला, मग रवानगी. यातल्या प्रत्येक पायरीला पत्रव्यवहार. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथं ज्युडिशियल डिपार्टमेंटचे सालवार बांधलेले खंड मागायचे. आधी इंडेक्स, मग खंड. ओळखपत्र न्या, अर्ज भरा, आणि पहिल्या दिवशी काही मिळेल अशी आशा धरू नका, पहिला दिवस इंडेक्सची भाषा कळण्यातच जातो. 'ट्रान्सपोर्टेशन', 'कन्व्हिक्ट', 'लाइफ' असे शब्द आणि जिल्ह्याचं जुनं स्पेलिंग धरून बघत जायचं. याच व्यवहाराच्या बऱ्याच नकला लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्डमध्ये आहेत.

अंदमानासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टल घरबसल्या बघा, होम डिपार्टमेंटची पोर्ट ब्लेअर शाखा म्हणून शोधायचं. बेटावरचे बरेच कागद १९४२ ते ४५ च्या जपानी ताब्याच्या काळात नष्ट झाले, म्हणून इकडच्या नकलांना जास्त किंमत आहे. तिथंही नंबरच, गळ्यात लाकडाचा बिल्ला आणि त्यावर कैद्याचा नंबर नि शिक्षेची तारीख. काही वर्षं नीट वागला की बाहेर राहायच्या मुभेचं तिकीट मिळून शेती करता यायची, बायकोला मुलखातून बोलावता यायचं किंवा बेटावरच कैदी बाईशी परवानगीनं लग्न करता यायचं. त्यांची पोरंबाळं आज तिथं 'लोकल' किंवा 'प्री-फॉर्टीटू' (म्हणजे १९४२ च्या आधीपासूनचे) म्हणवतात, हिंदुस्थानी बोलतात, आणि मराठी आडनाव शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. अर्ज, परवानगी, सुटका, हे शब्द शोधा. आणि हो, सेल्युलर जेल म्हणजे अंदमान नव्हे, ती इमारत १९०६ ला पुरी झाली, त्याआधी पन्नासेक वर्षं कैदी येतच होते. पैसे घेणाऱ्या परदेशी वंशावळीच्या साइटवर 'इंडिया' दिसलं म्हणून लगेच वर्गणी भरू नका, तिथं बहुतेक गोऱ्यांचे बाप्तिस्मे निघतात.

शेवटी गावाकडचं टोक, खरं तर हे आधीच करायला हवं होतं. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू, कुळ नोंदवही, पाहणी पत्रक, जुने फेरफार. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून ही कागदपत्रं बाहेर काढून स्कॅन झाली आणि कित्येक जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकलीयत, राजकारण बाजूला ठेवा पण वंशावळवाल्यांची त्यात चांदी झाली. जुनं बरंच मोडी लिपीत आहे, तेव्हा मोडी वाचणारा गाठा आणि त्याला मान द्या, पैसेही द्या. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर हेळवी येतो का विचारा, त्याच्याकडं घराण्याची पिढ्यानपिढ्या नोंद असते. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यांच्या वह्यासुद्धा बघा, परदेशी जाण्याआधी माणूस कुठंतरी देवाला गेलेला असतो. आणि एकाच कागदावर भरवसा ठेवू नका, बापाचं नाव आणि गाव या दोन गोष्टी दोन वेगळ्या कागदांत जुळल्या तरच तो आपला माणूस म्हणायचा.

घरच्यांबद्दल एक सांगतो. मी दरोड्याच्या खटल्याचा कागद घेऊन गेलो तेव्हा काकांनी आठ दिवस बोलणं टाकलं. त्यामुळं खुनाचा, दरोड्याचा कागद मिळाला तर तो फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायच्या आधी घरातल्या मोठ्यांना प्रत्यक्ष भेटा. फोटो काढताना खंडाचा नंबर, साल आणि पान त्याच फोटोत येईल असं बघा, मी पहिल्या वेळी ते केलं नाही आणि तोच कागद परत शोधायला मला दोन चकरा पडल्या.