मालिशचं ‘लायसन’ नसतं; मग कागद कोणते लागतात?

तालुक्याच्या गावी मालिश केंद्र काढायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: लायसन कुठं मिळते? मालिश करणाऱ्या माणसासाठी महाराष्ट्रात असं स्वतंत्र लायसन नाहीच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते राज्याकडून घ्यावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी १,००० तासांचं शिक्षण लागतं, टेक्सासमध्ये ५००. तिथला ‘लायसन्सधारक थेरपिस्ट’ हा शब्द मोबाइलवर पाहून इथल्या पाटीवर चढतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. ‘शासनमान्य मसाज लायसन काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. लागतात ते दुकानाचे कागद.

आधी पाटी, मग अर्ज, हा क्रम पाळा. दुकान कायद्याचा (२०१७) कागद, म्हणजे आपल्याकडचा ‘गुमास्ता’, ऑनलाइन निघतो. एक-दोन माणसांच्या केंद्राला नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची असते, आणि तीही धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत. आधार, पॅन आणि पाटीसकट दुकानाचा फोटो तयार ठेवा. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. दुसरी भाषा चालते, पण मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान नकोत. ‘फ्लेक्स छापायला टाकलाय’ म्हणून रिकाम्या शटरचा फोटो जोडला की अर्ज परत येतो आणि सेतूवाल्याकडे दुसरी चक्कर होते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची केंद्र सरकारकडची ऑनलाइन नोंदणी, फुकट आहे. आधार आणि पॅनवरचं नाव तंतोतंत जुळवून घ्या. एकीकडे वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडे नुसतं आडनाव असेल तर गाडी तिथंच अडते. दुसरी चूक व्यवसायाच्या कोडची. मालिश म्हटलं की ऑपरेटर हमखास गट ८६ निवडतो, पण तो मानवी आरोग्यसेवेचा, म्हणजे दवाखान्यांचा गट आहे. तुमचा गट ९६, वैयक्तिक सेवा. पुढं कोणी तक्रार केली तर ‘मी दवाखाना चालवत नाही’ असं सांगताना तुमचाच कागद तुमच्या विरोधात जायला नको.

जागा गावठाणात असेल तर नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा आणि ग्रामपंचायतीची नाहरकत घेऊन ठेवा. घरपट्टी थकली असेल तर नाहरकत अडते. भाड्याची जागा असेल तर करार नोंदणीकृतच करा, नुसत्या नोटरीवर भागवू नका. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तरच, म्हणजे बहुतेकांना ती चिंता नाही.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही, पण असलं तर उपयोगी पडतं. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा स्पा थेरपिस्टचा अभ्यासक्रम आहे. नाभिक व्यवसाय करणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजनेत (१८ व्यवसाय, सप्टेंबर २०२३ पासून) प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंत अवजारांची मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळू शकतं. त्या १८ व्यवसायांत मालिश नाही, त्यामुळे अर्ज केशकर्तनाचाच करावा लागतो.

खरी अडचण येते ती पाटीवरच्या शब्दांनी. ‘डॉक्टर’, ‘फिजिओथेरपिस्ट’, ‘पंचकर्म चिकित्सा’ हे शब्द नोंदणी असलेल्यांचे आहेत. फिजिओथेरपीसाठी महाराष्ट्रात वेगळी परिषद आहे, आयुर्वेदासाठी वेगळी. ‘आमच्या तेलाने लकवा, संधिवात, लठ्ठपणा बरा’ असं छापलं की १९५४ चा औषध व चमत्कारी उपचार जाहिरातींचा कायदा लागतो. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घरी कढवलेलं तेल औषध म्हणून बाटलीत भरून विकायला उत्पादनाचा परवाना लागतो. ग्राहकाच्या अंगाला लावणं आणि बाटली विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटीवर ‘अंगाची मालिश, डोक्याची मालिश, वेळ, दर’ एवढंच पुरे. मोडलेलं हाड बसवायला कोणी आलं तर हात लावू नका, थेट ग्रामीण रुग्णालयात पाठवा.

एक जाड वही ठेवा. तारीख, नाव, तक्रार, सही. मालिशीआधी विचारायचे प्रश्न पहिल्या पानावरच लिहून ठेवा: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, नुकतं ऑपरेशन झालं का, गरोदर आहात का, ताप आहे का. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. विदर्भात आणखी एक गोष्ट विचाराच: सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का? हाडं-सांधे फुटल्यासारखे दुखतात म्हणून आलेला पोरगा थकवा घालवायला आलेला नसून सिकलसेलच्या झटक्यात असू शकतो. जोर देऊ नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

तेलाच्या टॉवेलांचं पाहा. जवसाचं तेल वापरत असाल तर माखलेली फडकी ढीग करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं. ढिगात ती कोंडली की फडकी आपोआप पेटू शकतात, मग मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक सुटं वाळवा. तीळ किंवा खोबरेल वापरलं तर हा धोका फार कमी. पलंगावरची चादर मात्र दर ग्राहकाला नवी.

कामावर माणसं ठेवली तर आधारची प्रत घ्या, १८ वर्षांखालचं कोणी ठेवू नका, पोलीस ठाण्यात त्यांची माहिती लेखी देऊन पोच घ्या. बायकांची मालिश बाईनेच करावी आणि खोलीला आतून कडी नको, पडदा पुरे. मसाज पार्लर या शब्दाला चिकटलेला संशय तुम्हाला ठाऊकच आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली धाड आली तर वही, गुमास्ता आणि ती पोच समोर ठेवता आली पाहिजे. तिन्हींच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये घालून गल्ल्याजवळच ठेवा, घरच्या कपाटात नको.