गोव्याच्या दमट हवेत लाकडी चॉपिंग बोर्ड कसा निवडावा आणि कसा टिकवावा

आपल्याकडे लाकडी बोर्ड सुरीने झिजण्याआधी ओलीने खराब होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मीठसुद्धा डब्यात पाझरते, तिथे सिंकमागे टेकवून ठेवलेल्या फळीवर काळे ठिपके यायला किती वेळ? म्हणून विकत घेतानाच ओलीचा विचार करावा.

लाकूड निवडा. माझे मत फणसाला. घट्ट असते, वाळवी सहसा लागत नाही आणि पिवळा रंग वापराने छान तपकिरी होत जातो. सागवानात अंगचे तेल असल्याने ते पाणी कमी पिते, पण त्यात सिलिका असते, त्यामुळे सुरीची धार थोडी लवकर जाते. आंब्याचे लाकूड स्वस्त, पण त्याला कीड पटकन लागते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा चर्चच्या फेस्ताच्या फेरीत (जत्रेच्या बाजारात) मिळाला तर उत्तम. नाहीतर ओळखीच्या मेस्ताला (सुताराला) उरलेल्या तुकड्यातून करून द्यायला सांगा. पाडलेल्या जुन्या घराच्या दारा-खिडक्यांचे लाकूड मात्र कितीही सुंदर असले तरी नको. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि वाळवीचे औषध किती मुरले आहे ते कळत नाही.

हातात घेऊन तपासा. जाडी दीड इंच तरी हवी. पातळ फळी पहिल्याच पावसाळ्यात वाकते. सपाट जागेवर ठेवून चारही कोपरे दाबा, डुगडुगली तर परत करा. गाठी आणि पांढरट कडेचा भाग टाळा, कीड तिथूनच शिरते. चकचकीत व्हार्निशही नको, ते सुरीने सुटून भाजीत येते.

तेल पाजा. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळते. रंग-वास नसलेले, पाण्यासारखे स्वच्छ तेच घ्या; दुधासारखे दिसणारे पोटाचे औषध वेगळे. बोर्ड धुऊन पूर्ण दिवस वाळवा, मग सगळ्या बाजूंना सढळ हाताने चोळा. लाकूड आडवे कापलेल्या दोन टोकांना जास्त लावा. तिथे तेल डोळ्यांदेखत आत जाते आणि पाणीही तिथूनच शिरते. रात्रभर ठेवून सकाळी पुसा. नव्या फळीला असे तीन-चार वेळा करा. पुढे पाण्याचा थेंब टाकून बघायचे: मण्यासारखा उभा राहिला तर ठीक, पसरून जिरला तर पुन्हा तेल.

खोबरेल चालेल का, हे गोव्यात कोणीतरी विचारणारच. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलापेक्षा बरे, पण घाण्यावरचे खोबरेल काही महिन्यांनी खवट वास मारते. घरात दुसरे काहीच नसेल तर रिफाइंड खोबरेल, तेही अगदी पातळ थराने.

रोजची निगा. मासळीसाठी वेगळा बोर्ड ठेवाच. बांगडे कापलेल्या फळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरू नका. काम झाल्याबरोबर साबणाने दोन्ही बाजू धुवा. एकच बाजू भिजली की ती फुगते आणि फळी वाकते. पाण्यात बुडवून ठेवू नका. पुसून उभी ठेवा, भिंतीपासून सुटी, दोन्हीकडून वारा लागेल अशी. वासाला जाडे मीठ आणि अर्धे लिंबू पुरते. हळदीचा डाग सकाळच्या कोवळ्या उन्हात फिका होतो. दुपारच्या उन्हात ठेवली तर तडकेल. कुर्ल्या फोडणे, हाडे तोडणे ही कोयत्याची कामे या बोर्डावर नकोत.

वाकली किंवा बुरसटली तर. खोलगट बाजू ओल्या फडक्यावर पालथी घाला, वर वजन ठेवा आणि सकाळी उभी करून वाळवा. थोडी वाकली असेल तर बहुतेक वेळा सरळ होते. वरवरची बुरशी पांढऱ्या व्हिनेगरने पुसा (माडाचे व्हिनेगर सोरपोतेलसाठी, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन पदार्थासाठी, राहू द्या). त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. डाग उरलाच तर आधी ८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा तेल द्या.

पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) खरेदीच्या दिवसांत, मे संपण्याआधी, एकदा असे घासून-तेल देऊन घेतले तर पावसाळा निभावतो. सुरीचे टोक आत जाईल एवढी भेग पडली असेल, तर ती फळी स्वयंपाकातून काढावी. भेगेत अडकलेले मासळीचे पाणी कितीही घासले तरी निघत नाही.