बगलेत चौबगला घातला, गाऊन मोकळा झाला

माझी छाती 50 इंच. सोलापूरच्या उन्हाळ्यात तयार गाऊन काखेत काचतो, घामोळं उठतं. म्हणून चाटी गल्लीतून 44 इंच पन्ह्याचं अडीच मीटर सुती कापड आणलं, धुऊन आटवलं आणि एक चिंधीही वाया न घालवता बेतलं. 30 इंच रुंद अखंड पट्टी खांद्यावर दुमडून अंग झालं, उरलेल्या 14 इंची पट्टीतून 20 इंच घेराच्या दोन बाह्या.

दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केला आणि काखेची शिवण टर्रकन उसवली. घेर भरपूर होता, पण काखेत बाही आणि अंग काटकोनात मिळतात, तिथे हात उचलायला कापडच नव्हतं.

आजीच्या बंडीला चौबगला, म्हणजे काखेतला चौकोनी जोड असायचा, तो आठवला. त्याच पट्टीतून 7 इंचांचे दोन चौकोन काढले, काखेत तिरपे बसवले. कोपऱ्याशी शिवण अर्धा इंच आधी थांबवायची, नाहीतर चुणी पडते. मी दोनदा उसवलं. 14 बाय 32 इंचांचा तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा कापून दोन्ही बाजूंना एकेक कळी, म्हणजे तिकोनी तुकडा लावला, नितंबावरचा ताणही गेला. उरल्यात खिसे आणि गळपट्टी. गळ्याला नुसती चीर दिली, गोल कापला नाही.

आता हात थेट डोक्यावर जातो.